बारावीनंतर लेकरांची तब्येत कोणाची?

ग्रामीण विदर्भातल्या एखाद्या मुलीची शाळेची वर्षे डोळ्यासमोर आणा. आठवीपर्यंत शाळेत दुपारचे जेवण मिळते. सहावी ते बारावी आठवड्याला लोहाची गोळी मिळते, तीही शिक्षकांच्या समोर गिळायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांना शाळेत येऊन तपासते. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस बारावीपर्यंतच्या मुलींना गावातून नेते आणि गावात आणून सोडते. मग ती बारावी पास होते, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. भाग एकला नाव टाकते, आणि एका उन्हाळ्यात हे सगळे तुटते. गोळी नाही, तपासणी नाही, बस नाही. मुलगी तीच, गाव तेच, अंगातले रक्तही तेवढेच कमी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. बारावीचा निकाल लागल्याने त्यात काही बदल होत नाही. तरी आपल्या योजनांनी रेषा नेमकी तिथे ओढली आहे. त्या रेषेच्या पलीकडे या मुलामुलींच्या तब्येतीची आणि सुरक्षिततेची जबाबदारी विद्यापीठांनी घ्यावी, ती तालुक्याच्या ठिकाणी घ्यावी आणि त्यासाठी पगारी माणसे नेमावीत, एवढे एकच मला सांगायचे आहे.

तालुक्याच्या ठिकाणी असे मुद्दाम म्हणतो. विद्यापीठाच्या मुख्य परिसरात आरोग्य केंद्र असते, सुरक्षा रक्षक असतात, वसतिगृहाला अधीक्षक असतो. ते असायलाच हवेत. पण आपल्या विद्यापीठांचा बहुतेक विद्यार्थी त्या परिसरात नसतोच. तो उमरखेडला असतो, मानोऱ्याला असतो, सिंदेवाहीला, धारणीला, अहेरीला असतो. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये झाले, त्याच्याखाली आज पाच जिल्हे आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना नागपूर लांब पडते म्हणून २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. तरीही सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर २०० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच जगापासून तुटते. तिथल्या विद्यार्थ्याला गडचिरोलीच्या परिसरातला डॉक्टर काय कामाचा?

विद्यापीठ त्याच्यापर्यंत पोचते ते परीक्षेचे हॉल तिकीट आणि गुणपत्रिका घेऊन. प्रवेशाच्या पावतीवर वैद्यकीय तपासणीचे शुल्क असते. तपासणी बहुतेक वेळा एका दिवसात आटोपते. उंची, वजन, डोळे, एक सही. त्या कागदावरून पुढे कोणाला औषध सुरू झाले, कोणाला रुग्णालयात पाठवले, असे मी तालुक्याच्या कॉलेजात इतकी वर्षे शिकवतो आहे, तरी फार क्वचित पाहिले.

विदर्भात हा विषय सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारापासूनच सुरू करावा लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, यवतमाळ या पट्ट्यात गोंड, माडिया, परधान आणि इतर आदिवासी समाजांत, तसेच बौद्ध समाजात, हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०४७ ही मुदत घातली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. कागदावर इतके सगळे आहे. आता वर्गात या.

ज्याचा रक्ततपासणीत पॅटर्न ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजाराचा निघाला, त्या मुलाला पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला किंवा अंगाबाहेर मेहनत झाली की दुखणे उठते. हाडे, छाती, पोट असे दुखते की माणूस लोळतो. वर्गात मात्र शिक्षकाला फक्त रिकामा बाक दिसतो, आणि महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर राहणारा मुलगा आळशी ठरतो. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नियमित घेतली तर असे झटके कमी होतात, पण ती आणायला जिल्ह्याच्या किंवा उपजिल्हा रुग्णालयात जायचे म्हणजे एक दिवस बुडाला. आणि आपल्याकडे उन्हाळी परीक्षा असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, बंद पंख्याच्या खोलीत तीन तास. दोन गावांपलीकडून एस्टीने आलेला, सकाळपासून पाण्याचा घोट कमी पडलेला एसएसचा विद्यार्थी त्या खोलीत बसतो तेव्हा आपण त्याची परीक्षा कशाची घेत असतो, हे विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने स्वतःला विचारावे. परीक्षा केंद्रावर थंड पाण्याची सोय, मध्ये उठून पाणी प्यायची मुभा, आणि झटका आल्याचे रुग्णालयाचे पत्र असेल तर त्याच सत्रात पुन्हा पेपर देण्याची संधी, यासाठी नवा कायदा लागत नाही.

कॉलेजात सिकलसेलची तपासणी करावी का? करावी. लग्नाच्या आधीचे हेच वय आहे. आईवडील दोघेही ‘एएस’ म्हणजे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसल्याने त्याला ते माहीत नसते. पण तपासणी कशी करायची, याची काळजी त्याहून मोठी आहे. शिबिर लावले, रक्त घेतले आणि निकालाची यादी वर्गात वाचून दाखवली, तर त्या मुलीचे लग्न मोडेल, तिच्या घराला गावात बोल लागेल, आणि पुढच्या वर्षी कोणीच हात पुढे करणार नाही. निकाल एकेकाला, बंद खोलीत, त्याचा अर्थ समजावून सांगत द्यावा लागतो. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे त्याच वेळी सांगावे लागते. एका दिवसाच्या शिबिराला हे जमत नाही. त्याला उद्याही तिथेच भेटणारे माणूस लागते.

असे माणूस तालुक्याच्या कॉलेजात नाही. अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांची पदे असतात, ग्रंथपालाचे असते, शारीरिक शिक्षण संचालकाचे असते, लिपिक आणि शिपाई असतात. परिचारिकेचे पद नसते, समुपदेशकाचे नसते. म्हणून वर्गात एखादी मुलगी चक्कर येऊन पडली की आम्ही तिला स्टाफरूममध्ये निजवतो, कोणीतरी ग्लुकोज आणतो, आणि तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन येईपर्यंत वाट पाहतो. तिने सकाळी काय खाल्ले, पाळी किती दिवस चालते, याआधी कितीदा चक्कर आली, हे विचारणारे कोणी नसते. पाचला उठायचे, सातची एस्टी धरायची, दुपारी दीडला कॉलेज सुटले तरी गावाकडची गाडी साडेतीनला. या साऱ्यात पोटात जाते ते चहा आणि बिस्किट.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे, कारण ती अलीकडे फार वाढली आहे. पदवीला नाव असलेली कितीतरी मुले-मुली खरे तर पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. मैदान नसते, म्हणून पहाटेच्या अंधारात हायवेच्या कडेने धावतात. रक्तक्षय असलेली मुलगी धावते, सिकलसेलचा मुलगा आपला आजार लपवून धावतो. त्यांची धाव सुरू होण्याआधी साधे हिमोग्लोबिन पाहायला कोणी नाही. पावसाळ्यात यातलीच काही मुले रोजीने फवारणीला जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नसू, तर कापसाच्या पट्ट्यातल्या कॉलेजात ऑगस्ट महिन्यात उलट्या आणि डोळ्यांची जळजळ घेऊन आलेल्या मुलाला कुठला प्रश्न विचारायचा, हे कोणाला तरी माहीत असले पाहिजे.

आता मनाकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. विदर्भात हा शब्द आपण पंचवीस वर्षांहून अधिक काळ कास्तकाराच्या संदर्भात ऐकत आलो. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात सिंचन होते, व्याजमाफी होती, बियाणे होते. त्या सुमारास त्या घरांत जन्मलेली लेकरे आज आमच्या पदवीच्या वर्गात बसली आहेत. बापाचे कर्ज, सोयाबीनचा भाव, बहिणीचे लग्न हे त्यांनी पाळण्यापासून ऐकले आहे. कोणाच्या घरात तर ती गोष्ट घडून गेलेली आहे आणि तिच्याबद्दल घरी कोणी बोलत नाही. या पिढीच्या मनाला आधार द्यायची व्यवस्था उभी करण्याची अधिक निकड राज्यात दुसरीकडे कुठे असेल, असे मला वाटत नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे त्यात आहे. शंभर विद्यार्थी म्हणजे आपल्याकडची जवळजवळ सगळी महाविद्यालये आली. आदेश स्पष्ट आहे. मला भीती आहे ती त्याच्या अंमलाची. मानसशास्त्र शिकवणाऱ्या, किंवा तेही नसेल तर मराठी शिकवणाऱ्या, तासिका तत्त्वावरच्या एखाद्या मॅडमचे नाव समुपदेशक म्हणून लिहायचे, दारावर पाटी लावायची, दोन फोटो काढायचे आणि कॉलेजचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला जोडायचे. हे सहज होईल, कारण इतर समित्यांचे असेच झाले आहे.

शिक्षकाने पालक व्हावे, या म्हणण्याशी माझे भांडण नाही. पुष्कळ शिक्षक होतात, स्वतःच्या खिशातून मुलांची फी भरतात, रात्री बारालाही फोन उचलतात. पण समुपदेशन हे त्यांच्यावर टाकायचे काम नव्हे. जो अंतर्गत गुण देतो, ज्याची मुलीच्या काकाशी बाजारात रोज भेट होते, ज्याला तिची जात, तिचे घर, तिच्या बापाची पत माहीत आहे, त्याच्याजवळ आपले कोणावर प्रेम आहे हे ती सांगेल का? आणि सांगितले, तर तो ते तिच्या घरी न सांगता राहील का? तालुक्याच्या गावात गुपित टिकत नाही. म्हणून ते टिकवणे ज्याच्या नोकरीची अट आहे, असा बाहेरचा, शिकलेला माणूस हवा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे आणि तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिला पाहिजे. रात्री-अपरात्री जीव कासावीस झाला तर तो नंबर फिरवावा, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. पण चार जण मिळून रूम करून राहणाऱ्या मुलाला मन मोकळे करण्याइतका एकांत कुठे मिळायचा? मेळघाटात टॉवरच लागत नाही तिथे काय? घरी कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या मुलीला अनोळखी आवाजाशी प्रमाण मराठीत आपले दुःख कसे सांगता येईल? फोन हवाच, पण त्याच्याबरोबर समोर बसणारे माणूसही हवे.

मुले ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत येत नाहीत. ‘डोकं दुखते’, ‘झोप येत नाही’, ‘जीव घाबरते’ असे म्हणतात. म्हणून नर्स आणि समुपदेशक एकाच ठिकाणी, एकाच दाराआड बसावेत असे मला ठामपणे वाटते. समुपदेशकाच्या खोलीत जाताना कोणी पाहिले तर ‘वेडी झाली काय’ अशी कुजबुज होते. डोकेदुखीची गोळी घ्यायला नर्सकडे गेले तर कोणी काही म्हणत नाही. नर्सने दोन प्रश्न जास्त विचारावेत आणि गरज दिसली तर आतल्या खुर्चीकडे पाठवावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत आपली नजर अजून कॉलेजच्या फाटकाशी अडते. सीसीटीव्ही लावले, वॉचमन ठेवला की झाले. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आले, ती कॉलेजला जात असताना, भर रस्त्यावर. आठवडाभराने ती गेली. आपल्या मुलींना धोका कुठे असतो, हे त्या घटनेने सगळ्या विदर्भाला दाखवले. तो बसस्टँडवर असतो, स्टँड ते कॉलेज या दीड किलोमीटरच्या रस्त्यावर, भाड्याच्या रूमच्या जिन्यात, आणि शेवटची गाडी रद्द झाल्यावर थांबलेल्या त्या दोन तासांत. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे जंगलालगतच्या थांब्यावर सांजवेळी वाघाची भीती असते, ती वेगळी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी लैंगिक छळाच्या बाबतीत परिसराची व्याख्या मुद्दाम मोठी ठेवली. विद्यार्थी म्हणून जिथे जिथे जावे लागते त्या जागा, ये-जा करण्यासाठी दिलेले वाहन, शिबिरे, सहली, क्रीडास्पर्धा हे सगळे त्यात येते. अंतर्गत तक्रार समितीत विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी निवडून यावेत, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी, आणि वरिष्ठ प्रशासकीय पदावरच्यांनी समितीत बसू नये, असेही त्यात आहे. आपल्या कॉलेजच्या समितीत कोण आहे, हे विद्यार्थिनींना विचारून पाहा. बहुतेकींना समिती आहे हेच माहीत नसते. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र दरवर्षी भरून घेतले जाते, तेवढी तरी सवय लागली आहे. तक्रार समितीची ओळख पहिल्याच आठवड्यात, समोर उभे करून, नावासकट करून द्यायला काय हरकत आहे?

तर व्यवस्था कशी असावी? प्रत्येक लहान कॉलेजला स्वतंत्र नर्स आणि समुपदेशक परवडणार नाही, हे मला कळते. म्हणून तालुका धरावा. तालुक्यातल्या सगळ्या महाविद्यालयांनी मिळून एक नर्स आणि एक समुपदेशक ठेवावा आणि वार ठरवून घ्यावेत. त्यांची वेळ एस्टीच्या वेळापत्रकाशी जुळावी, म्हणजे कॉलेज सुटल्यापासून गाडी येईपर्यंतचा काळ. ग्रामीण रुग्णालयाशी लेखी करार असावा, म्हणजे चिठ्ठी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला रांगेत दिवस घालवावा लागणार नाही आणि सिकलसेलची महिन्याची गोळी कॉलेजातच मिळेल. अवघड रुग्ण जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे किंवा सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे जावेत. एस्टी आगार, पोलीस ठाणे आणि रूम भाड्याने देणारे घरमालक यांची महिन्याला एक बैठक नर्स आणि समुपदेशकाने प्राचार्यांसह घ्यावी. आणि मानव विकासची बस पदवीच्या मुलींनाही खुली करावी, तो रस्ता आणि ती गाडी तीच आहे.

पैशाचे म्हणाल तर प्रमाण पाहा. तालुक्यात ३,००० विद्यार्थी धरले आणि दोघांना प्रत्येकी महिना २५,००० रुपये पगार धरला, तर वर्षाला ६ लाख होतात. एका विद्यार्थ्यामागे २०० रुपये. हे मुलांकडून घ्यावेत असे मी म्हणत नाही. जे वैद्यकीय तपासणीच्या नावाने आधीच घेतले जाते ते यात वळवावे आणि उरलेले विद्यापीठ व राज्य शासनाने द्यावे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शासनाने २०२४ मध्ये माफ केले, ते चांगले केले. मग त्या मुलींना शिकण्याइतके धडधाकट ठेवण्याचा हा खर्च जास्त म्हणता येणार नाही. माणसे मिळणार नाहीत, असेही कोणी म्हणू नये. विदर्भात समाजकार्य महाविद्यालये पुष्कळ आहेत. वऱ्हाडी, गोंडी, कोरकू बोलणारे, एम.एस.डब्ल्यू. झालेले तरुण घरी बसून तलाठी भरतीची वाट पाहत आहेत. त्यांना एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात प्रशिक्षण द्या आणि त्यांच्या डोक्यावर तिथल्या डॉक्टरांची देखरेख ठेवा.

अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. बाबांच्या दशसूत्रीत गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत आहे, रोग्यांना औषधोपचार आहे आणि दुःखी व निराशांना हिंमत आहे. तिन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याला एकाच वेळी लागतात. मोठ्या रुग्णालयाशेजारी गरीब रुग्णांच्या नातेवाइकांना टेकायला जागा नाही हे दिसल्यावर बाबांनी तिथे धर्मशाळा बांधली. गरज जिथे, तिथेच त्यांनी इमारत उभी केली.

विद्यापीठांचे अंदाजपत्रक मार्चमध्ये अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, येते. पदवीधरांच्या मतांवर निवडून गेलेले सदस्य तिथे बसतात, आणि आपल्यापैकी अनेकांनी त्यांना मत दिले आहे. त्यांना आत्ताच गाठा, आणि तालुका विद्यार्थी आरोग्य केंद्र या नावाचे स्वतंत्र लेखाशीर्ष मागायला सांगा. पहिल्या वर्षी प्रत्येक जिल्ह्यात दोन तालुके घ्या, त्यातला एक जिल्ह्याच्या ठिकाणापासून सर्वांत लांबचा असू द्या. सिरोंचा, धारणी, उमरखेड आधी, गडचिरोली आणि अमरावती शहर नंतर.